फरशी तुमची, टीडीएस कुणाचा? रिनोव्हेशनमधल्या टॅक्सच्या भन्नाट गोष्टी

माहीत आहे का? घराचं काम काढलं आणि एकाच कंत्राटदाराला एका आर्थिक वर्षात ५० लाखांच्या वर पैसे दिले, की सरकार तुम्हालाच टॅक्स कापायच्या कामाला लावतं! मग तुम्ही शिक्षिका असा, पेन्शनर असा, नाहीतर जन्मात कधी धंदा न केलेले नोकरदार असा. कापायचा तुम्ही, भरायचा तुम्ही, सर्टिफिकेटही द्यायचं तुम्हीच.

घाबरलात? थांबा. बहुतेकांचं रिनोव्हेशन या आकड्याच्या आसपासही फिरकत नाही. बाथरूमची फरशी, किचनचा ओटा, हॉलमधलं पीओपी आणि दोन हात रंग... एवढ्यावर मालकाला टीडीएसची कटकट शून्य! पण त्या शून्याच्या आजूबाजूला भरपूर मसाला आहे. चला, धूळ उडायच्या आत साइटवर एक चक्कर मारू.

घरचं काम? सुट्टी!

कंत्राटदाराच्या पैशातून टॅक्स कापायला लावणारं ते फेमस कलम म्हणजे १९४सी. कायद्यात आलं १ एप्रिल १९७२ला. म्हणजे कलमानं केव्हाच पन्नाशी गाठलीय!

माहीत आहे का, या कलमातच तुमच्या-आमच्यासाठी एक खिडकी उघडी ठेवलीय? एखादी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब निव्वळ स्वतःच्या खासगी कामासाठी कंत्राटदाराला पैसे देत असेल, तर हे कलम लागूच होत नाही. तुमचा धंदा कोटीत असला तरी घरच्या गॅलरीला ग्रिल बसवताना १९४सीची भीती नाही.

पण ‘निव्वळ खासगी’ हं! खाली दवाखाना आणि वर घर असलेले डॉक्टर आपल्याकडे गावोगाव आहेत. आदल्या वर्षी प्रॅक्टिसची जमा ५० लाखांच्या वर गेली असेल, तर खालच्या मजल्याच्या कामाचा टीडीएस कापावा लागतो आणि वरचा मजला मोकळा. धंदा असेल तर हीच मर्यादा १ कोटीच्या उलाढालीची. कंत्राटदार एकच, मिस्त्री तोच, सिमेंटचं पोतंही तेच, पण मजला बदलला की कायदा बदलला! डॉक्टरसाहेब, दोन्ही मजल्यांची बिलं वेगवेगळी मागून घ्या. एका बिलात दोन मजले कोंबले, की ‘निव्वळ खासगी’ सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

पन्नास लाखांची रेषा

आता त्या मोठ्या आकड्याकडे. घरचं काम म्हणून सूट मिळाली, तर मग आलिशान बंगल्यांच्या कंत्राटांचं काय? हीच फट बुजवायला १ सप्टेंबर २०१९पासून कलम १९४एम आलं. सुरुवातीला दर होता ५ टक्के. १ ऑक्टोबर २०२४पासून तो थेट २ टक्क्यांवर आला. सेल लागल्यासारखा उतरला की हो!

हिशेब करून बघू. बंगल्याचं काम ६० लाखांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी १० लाख ८० हजार. बिल झालं ७० लाख ८० हजारांचं. टीडीएस कशावर? बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर फक्त ६० लाखांवर! २ टक्क्यांनी १ लाख २० हजार. जुन्या दरानं हेच ३ लाख कापावे लागले असते.

आणि इथे बरेच जण चकतात. रेषा ओलांडली की टॅक्स वरच्या १० लाखांवर लागत नाही, तर पूर्ण ६० लाखांवर लागतो.

माहीत आहे का, ही रेषा माणसागणिक वेगळी मोजतात? सिव्हिलवाल्याला ४० लाख, इंटिरिअर डिझायनरला १५ लाख आणि सुताराला १२ लाख दिले. एकूण ६७ लाख, पण एकाही खात्यात पन्नाशी पार नाही. टीडीएस शून्य!

अजून एक. मोजणी आर्थिक वर्षाची आहे. फेब्रुवारीत ४० लाख आणि मे महिन्यात ४० लाख दिले, तर ती दोन वेगळ्या वर्षांची रक्कम. मात्र ‘उचल’ विसरू नका. काम सुरू व्हायच्या आधी दिलेला ॲडव्हान्सही मोजणीत धरला जातो.

आणि दुकानातून तुम्ही स्वतः आणलेल्या टाइल्स, नळ, कमोड? ती सरळ खरेदी. कंत्राटात मोजायचीच नाही.

आता गुड न्यूज. एरवी टीडीएस कापणाऱ्याला टॅन नावाचा वेगळा नंबर लागतो. इथे लागत नाही, तुमच्या पॅनवर काम भागतं. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यावर ३० दिवसांत ऑनलाइन भरायचा आणि मग १५ दिवसांत कंत्राटदाराला सर्टिफिकेट द्यायचं. फॉर्म उशिरा भरला तर दिवसाला २०० रुपये लेट फी. कापलाच नाही तर महिन्याला १ टक्का व्याज. कापून खिशात ठेवला तर महिन्याला दीड टक्का. कायद्याच्या नजरेत विसरणाऱ्यापेक्षा दाबून ठेवणारा महाग!

कंत्राटदारानं पॅन दिलंच नाही तर? दर थेट २० टक्के. ६० लाखांवर १ लाख २० हजारांऐवजी १२ लाख! हा आकडा एकदा शांतपणे सांगितला, की पॅन कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर लगेच येतो.

दुबईत नोकरी आणि ठाण्यात फ्लॅट असलेल्यांनो, इकडे लक्ष द्या. १९४एम एनआरआय मालकालाही लागू आहे. कंत्राटदार भारतात राहणारा असला की झालं.

पॅनच्या चौथ्या अक्षराचा खेळ

माहीत आहे का, पॅन नंबर वाचता येतो? दहा जागांपैकी चौथं अक्षर बघा. पी असेल तर व्यक्ती. एच म्हणजे अविभक्त कुटुंब, एफ म्हणजे फर्म, सी म्हणजे कंपनी. व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. ‘शिंदे’ म्हणून आलेल्या कंत्राटदाराच्या पॅनवर पाचवं अक्षर के दिसलं, तर विचारायला हरकत नाही, ‘हे पॅन कुणाचं, दादा?’

या चौथ्या अक्षराला पैशातही किंमत आहे. १९४सीमध्ये समोरचा पी किंवा एच असेल तर १ टक्का, बाकी सगळ्यांना २ टक्के. १९४एमला मात्र अक्षराशी देणंघेणं नाही. तिथे सरसकट २.

फरशीवाल्याचा टीडीएस कोण कापतो?

आता खरा सस्पेन्स. तुम्ही काम दिलंत मुख्य कंत्राटदाराला. त्यानं फरशी दिली एकाला, प्लंबिंग दुसऱ्याला, वायरिंग तिसऱ्याला, रंग चौथ्याला. हे सगळे पोटठेकेदार. त्यांच्या टीडीएसची जबाबदारी तुमची?

अजिबात नाही! तुमचा करार मुख्य कंत्राटदाराशी. पोटठेकेदाराचा टॅक्स कापायचा तो कंत्राटदारानं. तो कंपनी किंवा फर्म असेल तर त्याची सुटका नाही. एकटा माणूस असेल आणि आदल्या वर्षी त्याची उलाढाल १ कोटीच्या वर गेली असेल, तरीही कापावाच लागतो.

मर्यादाही चटपटीत आहे. एका वेळी ३० हजारांच्या वर किंवा वर्षभरात एकूण १ लाखाच्या वर. म्हणून काही हुशार मंडळी २९ हजारांची बिलं फाडतात. पहिलं, दुसरं, तिसरं... एकूण ८७ हजार, सगळं शांत. चौथं बिल आलं की बेरीज १ लाख १६ हजार आणि टीडीएस पूर्ण रकमेवर! तीन बिलं वाचवली असं वाटतं आणि चौथं बिल सगळ्यांना ओढून आणतं.

पण कापलेला पैसा फरशीवाल्याचा बुडाला का? मुळीच नाही, आणि हे मला जरा मोठ्यानं सांगायचंय. तो त्याच्या नावावर सरकारकडे जमा असतो. त्याच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसतो. त्याचं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो. कितीतरी छोटे मिस्त्री रिटर्नच भरत नाहीत आणि स्वतःचे कष्टाचे पैसे तसेच सोडून देतात. तुमच्या साइटवर असा कुणी असेल तर हे नक्की सांगा.

यूपीआय केलं, टॅक्स घटला!

माहीत आहे का, तुम्ही पैसे कसे देता यावर कंत्राटदाराचा टॅक्स ठरू शकतो? छोट्या धंद्यांसाठी कलम ४४एडीची अंदाजपद्धत आहे. हिशेबाच्या वह्या नकोत, जमेच्या ८ टक्के नफा धरायचा आणि मोकळं व्हायचं. आणि जमा बँकेतून किंवा डिजिटल मार्गानं आली असेल तर फक्त ६ टक्के! २० लाखांच्या रोख जमेवर नफा १ लाख ६० हजार धरतात, तर डिजिटल जमेवर १ लाख २० हजार. कंत्राटदार ‘कॅशच द्या’ म्हणाला की हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

बोनस माहिती! आज किराणा दुकानदारापासून बेकरीवाल्यापर्यंत सगळे वापरतात ते ४४एडी मुळात होतंच बांधकाम कंत्राटदारांसाठी. १९९४ला आलं तेव्हा ४० लाखांपर्यंतच्या सिव्हिल कामांपुरतं आणि मजूर पुरवणाऱ्यांपुरतं मर्यादित होतं. बाकी धंद्यांना ते पुढे पंधरा-सोळा वर्षांनी मिळालं. बिल्डिंगवाल्यांचं कलम, सगळ्या बाजारानं पळवलं!

रोखीचं अजून एक गंमतशीर टोक. एका कामासाठी एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७पासून बंदी आहे. दंड? जेवढी रोख घेतली तेवढाच! आणि तो भरायचा घेणाऱ्यानं. ‘रोज दीड लाख देतो’ ही युक्तीही चालत नाही, कारण मोजणी दिवसाची आहे तशी व्यवहाराचीही आहे. एकाच किचनचे चार हप्ते म्हणजे एकच व्यवहार.

आणि देणारा निवांत? तसंही नाही. रोख आली कुठून हे सांगता आलं नाही, तर तो खर्चच अघोषित उत्पन्न म्हणून तुमच्या डोक्यावर येऊ शकतो.

२७ बघा, मग १८ द्या

जीएसटी नंबर समोर आला की आपण मान डोलावतो. पण माहीत आहे का, त्यातली १५ अक्षरं पूर्ण कुंडली सांगतात? पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९, गुजरात २४. पुढची दहा अक्षरं म्हणजे कंत्राटदाराचा पॅन. तेरावं अक्षर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते सांगतं, चौदावं बहुधा झेड आणि पंधरावं पडताळणीचं.

आता एक प्रयोग करा. समोर बिल घ्या. वर छापील लेटरहेड, खाली हातानं लिहिलेलं ‘फरशी बसवणे, १८ टक्के जीएसटी’, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात नंबर. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं कंत्राटदारानं दिलेल्या पॅनशी जुळवा. जुळत नाहीत? मग जीएसटी पोर्टलवर नंबर टाका. नाव कुणाचं येतं, नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं एका क्लिकमध्ये. लॉगिनसुद्धा लागत नाही.

हे का करायचं? कारण नोंदणी नसलेल्याला जीएसटी गोळा करायचा अधिकारच नाही. ३ लाखांच्या कामावर १८ टक्के म्हणजे ५४ हजार. ते सरकारकडे जाणार की कुणाच्या स्कूटरच्या डिकीत, हे बिल देण्याआधी कळलेलं बरं.

सेवा देणाऱ्याला आपल्याकडे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. म्हणून छोट्या रंगाऱ्याच्या बिलात जीएसटी नसणं अगदी कायदेशीर आहे. कच्चं बिल आणि जीएसटी नसलेलं बिल या दोन वेगळ्या गोष्टी. नाव, पत्ता, पॅन, कामाचा तपशील, तारीख आणि सही असेल, तर विनाजीएसटी बिलही पक्कंच!

‘विथ मटेरियल’ की ‘फक्त लेबर’? हा प्रश्न प्रत्येक साइटवर पहिल्या दिवशी येतो. विथ मटेरियल घेतलं आणि कंत्राटदार नोंदणीकृत असेल, तर ते वर्क्स कॉन्ट्रॅक्ट. माल आणि मजुरी दोन्हींवर १८ टक्के. माल तुम्ही आणला तर मालावरचा जीएसटी दुकानात भरता, आणि मजुरी छोट्या मिस्त्रीची असेल तर तिच्यावर काहीच नाही. म्हणून भाव विचारताना चौरस फुटाच्या दरासोबत ‘जीएसटी धरून की वेगळा?’ हे लगेच विचारायचं. कोटेशनच्या शेवटच्या ओळीत ‘टॅक्स एक्स्ट्रा’ एवढंच लिहिलेलं असतं आणि बजेट तिथेच फुटतं.

माहीत आहे का, स्वतंत्र घर नव्यानं बांधताना निव्वळ मजुरीच्या कंत्राटाला जीएसटी माफ आहे? पण तेच घर दहा वर्षांनी रिनोव्हेट करताना ही माफी मिळत नाही. माफी ‘मूळ कामा’ला आहे. जन्माला सवलत, वाढदिवसाला नाही!

साखळीचीही मजा बघा. पोटठेकेदारानं लावलेला जीएसटी मुख्य कंत्राटदार आपल्या जीएसटीतून वजा करतो. सिमेंटवाल्याचाही तसाच. पण ही वजावट तुमच्यापाशी येऊन थांबते. तुम्ही घरमालक, साखळीचं शेवटचं टोक. तुमच्या पुढे कुणी नाही. म्हणून नोंदणीकृत पोटठेकेदार वापरणाऱ्या कंत्राटदाराशी भावाची घासाघीस करायला तुमच्याकडे मुद्दा आहे. त्याला क्रेडिट मिळतंय, तर तुमच्या दरात ते दिसू दे!

आणि हो, २२ सप्टेंबर २०२५पासून सिमेंटवरचा जीएसटी २८वरून १८वर आलाय. एसीवरचाही. त्याआधीचं कोटेशन अजून कुणी पुढे करत असेल तर नवं मागा.

बांधकामानं घटना बदलली

ही तर कहरच गोष्ट आहे. माहीत आहे का, बांधकामाच्या कंत्राटातल्या मालावर विक्रीकर लागतो की नाही, या एका प्रश्नासाठी भारताची राज्यघटना बदलावी लागली?

१९५८. गॅनन डंकर्ली विरुद्ध मद्रास राज्य. सुप्रीम कोर्ट म्हणालं, इमारतीचं कंत्राट अखंड असतं. त्यातल्या विटा आणि सिमेंट वेगळे काढून ‘विकले’ असं म्हणता येत नाही, म्हणून राज्याला विक्रीकर नाही. राज्यांची पंचाईत! मग ४६वी घटनादुरुस्ती झाली, १९८२ची. कंत्राटातला माल कागदावर मजुरीपासून वेगळा करायची सोय घटनेतच झाली.

याची झळ आपल्याकडे तीसेक वर्षांनी लागली. २०१२मध्ये मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटधारकांना बिल्डरांची पत्रं आली. २० जून २००६ ते ३१ मार्च २०१० या काळात घेतलेल्या फ्लॅटवर व्हॅट भरा! ज्यांनी तेव्हा ते पत्र हातात धरलंय, त्यांना ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ समजावून सांगायची गरज नाही.

आता नवा कायदा. १९६१चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ची सुरुवात. कलमं ८१९वरून ५३६वर! पगार सोडून बाकीच्या टीडीएसची विखुरलेली कलमं एकट्या कलम ३९३मध्ये तक्त्याच्या रूपात बसवलीत. म्हणून या लेखातले जुने नंबर ओळखीसाठी ठेवा. भरताना पोर्टलवरचे चालू कलम आणि फॉर्म नंबरच वापरा. साइटवरचे लोक अजून काही वर्षं ‘१९४सी’च म्हणणार, हे मात्र पक्कं.

जाता जाता, भारतात इन्कम टॅक्स आणला जेम्स विल्सननं, २४ जुलै १८६०ला. हाच माणूस ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाचा संस्थापक! टॅक्स लावला आणि पुढच्याच महिन्यात कोलकात्यात आमांशानं गेला.

विकताना बिल बोलतं

रिनोव्हेशनचं बिल म्हणजे भविष्यातली टॅक्स बचत! घर विकताना नफा मोजतात, तेव्हा मूळ किमतीसोबत ‘सुधारणेचा खर्च’ही वजा होतो. वाढवलेली खोली, नवा स्लॅब, बदललेलं पूर्ण प्लंबिंग... हे चालतं. नुसता रंग आणि किरकोळ डागडुजी चालत नाही.

२३ जुलै २०२४पासूनच्या विक्रीला दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के दर आहे. त्याआधी घेतलेल्या घराला निवासी भारतीयांसाठी महागाई निर्देशांकासह २० टक्के हा पर्यायही ठेवलाय. म्हणजे १० लाखांचं पक्कं बिल फाइलमध्ये असेल, तर साडेबारा टक्क्यांनी सव्वा लाख वाचतात. मात्र १ एप्रिल २००१च्या आधीची सुधारणा मोजत नाहीत. आजोबांनी बांधलेली माडी हिशेबाबाहेर!

कर्ज काढून दुरुस्ती केली तर? राहत्या घरासाठी जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट फक्त ३० हजार. खरेदीच्या कर्जाला २ लाख, दुरुस्तीला ३० हजार. फरक बघा केवढा! नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी तेही नाही.

आणि भाड्यानं दिलेलं घर? तिथे घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या भाड्याच्या ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्ती केली तरी ३०, खिळासुद्धा ठोकला नाही तरी ३०!

सोसायटीचा रंग, सेक्रेटरींची धावपळ

घरमालकाला जी सूट आहे, ती सोसायटीला नाही. सहकारी संस्था १९४सीच्या यादीत नावानिशी आहे. बाहेरचा रंग, वॉटरप्रूफिंग, लिफ्टची देखभाल... ३० हजार किंवा १ लाखाची मर्यादा ओलांडली की टीडीएस. आणि इथे टॅन हवाच. टॅनची पहिली तीन अक्षरं गाव सांगतात. मुंबईची वेगळी, पुण्याची वेगळी. टॅन नाही घेतलं तर १० हजारांचा दंड, आणि तो जातो मेंबरांच्याच मेंटेनन्समधून. पुढच्या सर्वसाधारण सभेत रंगाच्या शेडवरून तासभर भांडायच्या आधी पाच मिनिटं हा प्रश्न विचाराच.

जगाची सैर, हातात थापी घेऊन

स्वीडनमध्ये घरदुरुस्तीच्या मजुरीवर ३० टक्के सवलत थेट बिलातच मिळते. कंत्राटदार कमी पैसे घेतो आणि उरलेले सरकारकडून वसूल करतो. २०२५मध्ये काही महिने ही सवलत चक्क ५० टक्के होती!

जर्मनीत मजुरीच्या २० टक्के रक्कम टॅक्समधून वजा होते, वर्षाला १,२०० युरोपर्यंत. मात्र पैसे बँकेतून गेलेले हवेत. रोख दिले की सवलत गायब.

इटलीनं तर कमाल केली. २०२०मध्ये घर ऊर्जाबचतीचं केलं की खर्चाच्या ११० टक्के परत! हो, ११०. खर्चापेक्षा जास्त. पुढे तिजोरीला एवढं मोठं भगदाड पडलं की योजना आवरती घ्यावी लागली.

ब्रिटनमध्ये कंत्राटदार सब-कॉन्ट्रॅक्टरच्या मजुरीतून २० टक्के कापतो, नोंदणी नसेल तर ३०. पण स्वतःचं घर दुरुस्त करणारा मालक तिथेही मोकळा. अमेरिकेतही तसंच. एडिसनमधल्या कुलकर्णींनी स्वतःच्या बेसमेंटचं काम केलं तर कंत्राटदाराचा १०९९ फॉर्म भरायची गरज नाही. बेसमेंटमध्ये धंदा असेल तर गोष्ट वेगळी.

आणि जुन्या इंग्लंडची ही गोष्ट ऐका. १७१२ ते १८३६ छापील वॉलपेपरवर टॅक्स होता. लोक कोरा कागद लावायचे आणि घरी नक्षी रंगवायचे! १८०६मध्ये वॉलपेपरच्या सरकारी शिक्क्याची नक्कल करण्याला फाशीची शिक्षा ठरली. विटांवर हजारी टॅक्स लागला तेव्हा कारखानदारांनी विटाच मोठ्या केल्या. कमी विटा, कमी टॅक्स! सरकारनं मोठ्या विटांवर दुप्पट कर लावला, तेव्हा कुठे विटा ताळ्यावर आल्या.

शेवटचा एक टक्का

हा माझा सगळ्यात आवडता. माहीत आहे का, बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर असतो आणि तो कामगारांच्या कल्याणासाठी जातो? कायदा १९९६चा. स्वतःच्या राहत्या घराला तेव्हा १० लाखांपर्यंत सूट होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५० लाखांवर गेली. पुन्हा तोच ५० लाखांचा आकडा!

आपल्याकडे हा पैसा महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. तिथून नोंदणीकृत कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, आजारपणात मदत मिळते. पण नोंदणी असेल तरच. वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला, एवढी अट. रोज वेगळ्या साइटवर जाणाऱ्या बिगाऱ्याला हा दाखला जमवणंच सगळ्यात अवघड जातं. उपकर तुमच्या कामाला लागो न लागो, तुमच्याकडे महिनाभर घमेली उचलणाऱ्या बाईंची नोंदणी आहे का, हे विचारता येतं. नसेल तर शेवटचं रनिंग बिल चुकतं करायच्या आधी कंत्राटदाराला सांगा, ‘मावशींचे इथले दिवस दाखल्यात धरून सही करून द्या, मग चेक घेऊन जा.’